इंजेक्शनातले पाणी

पुष्कळशा इंजेक्शनांत औषध थोडे आणि पाणीच फार असते. हे पाणी नुसते उकळून भागत नाही, बरं का! उकळल्याने जंतू मरतात. पण त्यांचे विष मागे राहते आणि रोग्याला हुडहुडी भरून ताप येतो. अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट या विदुषीने १९२३ साली या तापाचे मूळ दाखवून दिले. म्हणून औषधांच्या कारखान्यात शुद्ध पाणी बहुधा ७० अंश सेल्सिअसहून अधिक गरम ठेवून नळांतून सारखे फिरवतात. साचले की जंतू वाढलेच! तपासनीस रोज उष्णमान नोंदतो, ठरल्या पाळीने प्रत्येक तोटीचे पाणी प्रयोगशाळेत धाडतो. काल पाणी चांगले निघाले, म्हणून आजची तपासणी टाळायची नसते. सुई टोचून घेणाऱ्याला ते पारखता येत नाही. त्याच्या वतीने या तपासनिसानेच पारखायचे असते.