मंचावरून कानापर्यंत

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. बोलून ज्ञान वाटण्याची ही परंपरा आता पॉडकास्टमधून दूरवर पोचू शकते. पण परिषदेतल्या भाषणाचं ध्वनिमुद्रण जसंच्या तसं प्रसारित केलं, म्हणून त्याचा पॉडकास्ट होत नाही. वक्ता पडद्याकडे बोट दाखवून म्हणतो, "ही लाल रेघ बघा." सभागृहाला ती दिसते, बसमध्ये इअरफोन लावून बसलेल्याला नाही. तिथे निवेदकानं एका वाक्यात त्या रेघेचा अर्थ सांगायला हवा. सत्कार-आभार गाळावेत आणि माइकशिवाय विचारलेला प्रश्न पुन्हा वाचून दाखवावा.

ही काटछाट म्हणजे वक्त्याच्या शब्दांत ढवळाढवळ, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. म्हणूनच वक्त्याची संमती घ्यावी, आशय बदलेल असं काही कापू नये आणि मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवावं. मात्र अगम्य वाटल्यामुळे श्रोत्यानं भाषण अर्ध्यावरच बंद केलं, तर त्यातही वक्त्याचा मान राहत नाही. तेव्हा आयोजकांनो, ध्वनिमुद्रण कपाटात ठेवू नका. नीट संपादन करून ते श्रोत्यांच्या हाती द्या.