नेहमीपेक्षा किती जास्त?
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सणासुदीला मृत्यूचा विषय काढतो म्हणून रागावू नका. आम्ही सरकारी नोकर. नोंदी आणि तक्ते हाच आमचा रोजचा धंदा, तेव्हा बोलणार त्यावरच.

2003 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये भयंकर ऊन पडले. निम्मे पॅरिस सुट्टीवर गेलेले, म्हातारी माणसे घरात एकटी. शवागारे अपुरी पडली, शेवटी रुंजिसच्या घाऊक बाजारातले शीतगृह वापरावे लागले. पहिल्या तीन आठवड्यांत नेहमीपेक्षा सुमारे 15,000 माणसे जास्त गेली होती. हा हिशेब मात्र मागाहून लागला. दाखल्यावर 'ऊन' कोण लिहितो? कुठे हृदयविकार, कुठे वार्धक्य.

म्हणून कारण न विचारता नुसती डोकी मोजायची. मागच्या काही वर्षांत याच आठवड्यात किती गेले, त्यावरून यंदा किती अपेक्षित, आणि प्रत्यक्षात किती. लंडनमध्ये विल्यम फार यांनी 1847 च्या फ्लूच्या साथीत हेच केले होते. युरोपात 2008 साली 'युरोमोमो' सुरू झाले. कोपनहेगनमधून वीसहून अधिक देशांचे आकडे दर आठवड्याला एकाच पद्धतीने तपासले जातात. एका देशाचा आकडा फुगला तर नोंदीचा घोळ म्हणता येईल; शेजारच्या चार देशांत एकदम फुगला तर काही तरी आले आहे. 2020 च्या वसंतात तसेच दिसले.

पण हे सगळे वेळेवर होणाऱ्या नोंदीवर उभे आहे. 2020 आणि 2021 मध्ये जगात सुमारे 1 कोटी 49 लाख जादा मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. भारताचे त्यात सुमारे 47 लाख. केंद्र सरकारला ती पद्धत मान्य नव्हती. त्या वादात आम्ही नोकरदारांनी पडू नये. एवढेच म्हणतो, की नोंद पुरी आणि ताजी असेल तिथे अंदाज करत बसावे लागत नाही.

आपल्याकडे मात्र "तेरावे होऊ दे, मग बघू" म्हणतात, आणि बँकेने दाखला मागितला की धावाधाव. रुग्णालयात मृत्यू झाला तर ते कळवतात. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने कळवायचे असते, आणि 21 दिवसांच्या आत विलंब शुल्कही लागत नाही.