वैकुंठ आणि चूल



संतांची चरित्रे आपण कीर्तनात ऐकली, पोथीत वाचली आणि पुढे पडद्यावर पाहिली. आता ती घरच्या बैठकीत, चहाचा पेला हाती धरून पाहता येतात. ही सोय बरी की वाईट, हा वाद मला घालायचा नाही. घरात बसून पाहिलेले संतचरित्र घराकडून काय मागते, एवढाच माझा प्रश्न आहे. त्यासाठी मी 'संत तुकाराम' या बोलपटाचे उदाहरण घेतो.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा हा बोलपट १९३६ सालचा. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. एका वारकऱ्याची कथा हिंदू आणि मुसलमान अशा दोन कलावंतांनी मिळून सांगितली, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस होते, आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी. पागनिसांना पाहून लोक हात जोडीत. ते योग्यच होते. परंतु माझ्या मते या बोलपटाचा अर्धा प्राण जिजाईत आहे.

ती काय मागते? पोरांच्या पोटाला भाकरी. नवरा घरात येणारे वाटेतच वाटून टाकतो, आणि चूल तिला पेटवायची असते. मुलगा आजारी पडतो तेव्हा ही माउली वहाण हाती घेऊन थेट देवळात देवाला जाब विचारायला जाते. शिवाजीमहाराजांकडून नजराणा येतो, घर क्षणभर हरखते, आणि तोही परत जातो. शेवटी वैकुंठाचे बोलावणे येते. पण मुलेबाळे आणि संसार टाकून ती निघत नाही. दिग्दर्शकांनी तिला कजाग ठरवून तिची थट्टा केलेली नाही. तुकोबांची भक्ती खरी आहे, तशीच जिजाईची तक्रारही खरी आहे. दोन्ही खऱ्या आहेत, म्हणूनच हे एका देवाचे आख्यान असून एका कुटुंबाचे नाटकही आहे.

चित्रपटगृहात हे पाहताना आपण सारे तुकोबांच्या बाजूचे असतो. काळोख असतो, शेजारी अनोळखी माणसे असतात, आणि घर दूर असते. घरी पाहताना मात्र पलीकडे खरी चूल असते. पुरुषमंडळी अभंगाला मान डोलावतात, आणि घरची माउली मधूनच उठून भाजीला पाणी घालून येते. तिच्या वाट्याला अर्धाच बोलपट येतो. तुमच्या-आमच्या घरातली जिजाई पडद्यावरची जिजाई पुरती पाहू शकत नाही, याला काय म्हणावे?

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा किती घरांत संचाला हार घातले गेले, उदबत्त्या लावल्या गेल्या! ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी सारी आळी जमे. त्या भाबडेपणाला हसणे सोपे आहे. पण त्यात एक मोल होते. माणसे एकत्र बसत होती. आज ज्याच्या त्याच्या हातात वेगळा पडदा आहे. बाप एका कोपऱ्यात, मुलगा दुसऱ्या कोपऱ्यात. कुटुंबाची कथा कुटुंबाने वाटून घेऊन, पण एकेकट्याने पाहावी, ही चमत्कारिकच गोष्ट झाली.

आपले वालूर बारवेसाठी नावाजलेले गाव आहे. बारव कितीही देखणी असो, तिच्या पायऱ्या न्याहाळून घरची तहान भागत नाही. कोणाला तरी घागर भरून वर आणावी लागते. आणि ती आजवर बहुतेक कोणी आणली, हे मी इथे सांगायला नको. भक्तिचित्रांचेही तसेच आहे. पाहून डोळे ओलावले, हे ठीक. घागर कोणी उचलली, हा पुढचा प्रश्न.

त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. संत जनाबाई गंगाखेडच्या. नामदेवांच्या घरी त्यांनी दळणकांडण केले, आणि विठ्ठल त्यांना दळू लागला, अशी आपली श्रद्धा आहे. ही कथा कोणी शब्दशः मानो वा न मानो, तिचा बोध स्वच्छ आहे. या देवाने भक्ताला जात्यावरून उठवून देवळात बोलावले नाही. तो स्वतः जात्यापाशी येऊन बसला.

म्हणून माझे मागणे लहान आहे. पुढच्या वेळी घरी असे एखादे चित्र लावाल, तेव्हा ते सर्वांनी मिळून पाहा. स्वयंपाक आधी उरकून घ्या, आणि तो उरकायला पुरुषांनी हात लावावा. मध्येच उठावे लागले, तर ज्याने अद्याप कधी उठून पाहिले नाही, त्याने उठावे. चित्र संपल्यावर मुलांना विचारा, जिजाईचे काय चुकले? त्यांची उत्तरे ऐकून घ्या, लगेच दटावू नका. आणि तोच प्रश्न मग घरच्या माउलीलाही विचारा. तिचे उत्तर कदाचित लांबेल. ते पुरते ऐकण्याइतका वेळ आपण काढावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.