ग्रामसभा गेली, कागद आला

(कल्याण तालुक्यातील एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका प्राथमिक शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हांस ज्या विषयावर बोलावयास सांगितले आहे तो मोठा रूक्ष आहे. भजनाला रंग चढतो, तमाशाला गर्दी होते. घरपट्टी कशी आकारतात हे ऐकावयास रात्रीची झोप मोडून कोणी येत नाही. तरी आपण आलात, बायामंडळींनी पडवी भरून गेली आहे. याचे कारण उघड आहे. घरोघर महापालिकेचे बिल येऊन पडले आहे. कोणी ते देवाच्या तसबिरीमागे खोवले आहे, कोणी तांदळाच्या डब्याखाली दाबले आहे. ते बाहेर काढून वाचावयाचे कसे आणि वाचल्यावर करावयाचे काय, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

आधी हे बिल आपल्या दारात आले कसे ते पाहू. कल्याणास नगरपालिका झाली ती १८५५ साली, ठाण्यास १८६३ साली. आगगाडी १८५३ साली मुंबईहून ठाण्यास आली, पुढल्या वर्षी कल्याणास पोहोचली, आणि तिच्या मागोमाग ह्या संस्था आल्या. १८५० च्या कायद्याप्रमाणे शहराच्या रहिवाशांनी मागणी करावी आणि सरकारने नगरपालिका द्यावी अशी रीत होती. मागणी म्हणजे अर्ज; आणि अर्ज करणार कोण, तर ज्याच्या हाती लेखणी तो. पुढे खर्चासाठी पैसा उभा करावयाची वेळ आली तेव्हा मुंबई इलाख्यातील पुष्कळ नगरपालिकांना जकात सोयीची वाटली. भात, गवत, लाकूडफाटा घेऊन शहरात शिरणारा शेतकरी नाक्यावर पैसा मोजी, आणि दिवा लागे तो शहराच्या रस्त्यावर. ती जकात आता उरली नाही. मुंबईची जकातसुद्धा २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा उठली. आज पैसा नाक्यावर मागत नाहीत, घरावर मागतात.

आणि आपले घर शहरात आहे की गावात, हे तरी कोठे एकदा ठरले! १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, तीत भोपर, संदप, उसरघर, काटई, निळजे, हेदुटणे अशी सत्तावीस गावे घातली. २००२ साली ती बाहेर काढली. १ जून २०१५ पासून पुन्हा आत घेतली. २०२० साली त्यांतील अठरा गावांची निराळी नगरपरिषद करावयाचे ठरले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नांदायला धाडलेल्या लेकीचीही इतकी ने-आण कोणी करीत नाही. आत राहावे की बाहेर पडावे, यावर ह्याच पडवीत दोन तट आहेत हे आम्ही जाणतो, आणि आज त्या वादात शिरावयाचे आमचे मनात नाही. पण ह्या ने-आणीत एक गोष्ट आपल्या हातून निसटली, तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ती गोष्ट म्हणजे ग्रामसभा.

ग्रामपंचायतीत कारभार तोंडाने चालत असे. तो चांगला चालत असे असे आम्ही म्हणत नाही. सरपंचाचा भाऊबंद असला की गटार त्याच्या दारावरून जाई, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद होता. निरक्षर म्हातारी उठून 'माझ्या दारची मोरी तुंबली' असे चार लोकांत म्हणू शकत होती, आणि सरपंचास तिच्या तोंडाकडे पाहून उत्तर द्यावे लागत होते. महापालिकेत अशी सभा नाही. तेथे नगरसेवक आहेत, प्रभाग समित्या आहेत, स्थायी समिती आहे. पण आपण उठून बोलावे अशी जागा नाही. त्यातून कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षे निवडणूक झाली नाही. सभेचे, समितीचे अधिकार एका प्रशासकाच्या हाती होते. त्या पाच वर्षांत आपल्याला बोलण्याचा एकच मार्ग उघडा होता, तो म्हणजे लिहिलेला अर्ज. आणि आपली माणसे काय करीत होती? कोणी ओळखीचा शोधीत होता, कोणी मोर्चात जात होता. मोर्चा काढू नये असे आमचे म्हणणे नाही. पण मोर्चाला आवक क्रमांक मिळत नाही, अर्जाला मिळतो.

आता बिलाकडे येऊ. घराचे वर्षाचे भाडे काय येईल याचा महापालिका अंदाज करते. त्यातून दुरुस्तीसाठी शेकडा दहा वजा घालते. उरते त्यास करयोग्य मूल्य म्हणतात, आणि त्याच्यावर शेकडा अमुक असा कर बसतो. आपण म्हणाल, 'मास्तर, आम्ही बापजाद्यांच्या घरात राहतो, भाडे कोणाचे?' खरे आहे, पण कायद्यात भाडे येते की नाही हे पाहत नाहीत, येऊ शकेल किती हे पाहतात. म्हणून मोजमाप महत्त्वाचे. गोठा घरात धरला आहे काय? पडकी भिंत राहती खोली म्हणून लिहिली आहे काय? कौलारू घर सिमेंटचे केले आहे काय? बिलावर क्षेत्रफळ असते. आपल्या मुलीला फीत घेऊन घर मोजावयास लावा. पाचवीतल्या पोरीला लांबी गुणिले रुंदी येते, ते आम्ही तिला शिकविले आहे.

दुसरी गोष्ट वापराची, आणि ही आमच्या कारागीर बांधवांनी कान देऊन ऐकावी. निवासी घराला एक दर, बिगरनिवासी जागेला त्याहून चढा दर. आमच्या माहितीतील एका लोहाराच्या घराची गोष्ट सांगतो. पुढच्या पडवीत भाता आणि ऐरण, मागे दोन खोल्यांत सात माणसे. मोजणीस आलेल्या माणसाने उंबऱ्यावरूनच पाहिले आणि सारे घर कारखाना म्हणून लिहून गेला. लोहाराने बिल पाहिले, रक्कम मोठी वाटली, 'सरकारी कागद आहे' म्हणून सावकाराकडून आणून भरली. दोन वर्षे भरली. तिसऱ्या वर्षी त्याची सून बिल घेऊन आमच्याकडे आली. तीत रोजगार हमी उपकर अशी एक ओळ होती. हा उपकर राज्य सरकारचा. तो बिगरनिवासी जागेवरच असतो. ती एक ओळ पाहिली की घर कोणत्या खात्यात टाकले आहे ते कळते. सुनेने अर्ज केला, फेरमोजणी झाली, पडवी निराळी धरली आणि खोल्या निवासी झाल्या. मागले दोन वर्षांचे पैसे मात्र आले नाहीत, कारण तेव्हा मुदतीत हरकत घेतलेली नव्हती. कुंभाराची भट्टी, सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, पापड लाटणाऱ्या बाईची ओसरी, सर्वांनी आपापल्या बिलात ती ओळ आज रात्रीच शोधावी.

मुदत हा शब्द आम्ही मुद्दाम पुन्हा उच्चारतो. नवी आकारणी झाली की नोटीस निघते आणि हरकतीला ठराविक दिवस असतात. त्या दिवसांत हरकत आली तर सुनावणी. न आली तर आकडा कायम. पहिल्या पायरीवर तक्रारच केली नसेल तर पुढे न्यायालयात अपिलाचे दारही बहुधा बंद असते. पेरणीची वेळ टळली तर आपण पावसाला दोष देत नाही, मग येथे का देतो? अर्ज दोन प्रतींत करावा. एक प्रत द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. शिक्का देत नाहीत असे कोणी सांगेल. खिडकीशी उभे राहावे, देतात.

अर्ज केला, ठराव झाला, म्हणजे काम झाले असेही समजू नये. महाडची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले करावे असा ठराव मांडून मंजूर करविला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला धरून आपला ठराव केला. कागदावर चवदार तळे खुले झाले, आणि तीन वर्षे कोणाला तेथे ओंजळभर पाणी घेता आले नाही. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकर हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले तेव्हा तो ठराव जागा झाला; आणि त्याच साली नगरपालिकेने तो मागे घेतला. शेवटी १९३७ साली उच्च न्यायालयाने निकाल दिला. ठराव नसता तर कोर्टात आणि लोकांत बोट ठेवावयास काय होते? आणि माणसे तळ्यावर गेली नसती तर त्या ठरावाची किंमत काय होती? दोन्ही लागतात.

नगरपालिकेच्या आत बसून कागद वाचणारा माणूस कसा असावा हे जोतीराव फुल्यांनी दाखविले आहे. ते १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपयांची मंजुरी सभेपुढे आली. सरकारने नेमलेल्या सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हजार रुपये हा एका ओळीचा विषय होता; डुलक्या घेणाऱ्याच्या लक्षातही आला नसता. मंडईच्या भपकेदार इमारतीवरील खर्चालाही त्यांनी विरोध केला होता, आणि आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे! आपल्या नगरसेवकाला लग्नकार्यात पुढे बसविता, तसे एकदा हेही विचारा की गेल्या सभेच्या कामकाजात कोणता विषय आपण वाचलात.

आता एक धोक्याची सूचना. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. महापालिका बेकायदा बांधकामालाही कर लावते. कर भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही. डोंबिवलीकडे पासष्ट इमारतींचे प्रकरण आपण ऐकले असेल. महापालिकेच्या खोट्या परवानग्या तयार करून त्यांवर सरकारी नोंदणी मिळविली, घरे विकली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. घेणारे कोण होते? गिरणी-कारखान्यांतून, रिक्षा चालवून, गावची जमीन विकून पैसा जमविलेली आपल्यासारखीच माणसे. रंगीत चित्रे छापलेले पुस्तक त्यांना दाखविले गेले. परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना खात्यात 'ही परवानगी तुमचीच काय?' असे विचारावयाचे असते, हे कोणी सांगितले नाही. जमीन विकावयाची असो की खोली घ्यावयाची, सातबारा, मिळकत पत्रिका आणि ही परवानगी पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नका. तो क्रमांक विचारण्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालील घरास फीही नाही.

पाण्याविषयी बोलताना जीभ जड होते. मे २०२२ मध्ये संदपजवळच्या खाणीत साचलेल्या पाण्यावर धुणे धुवावयास गेलेली एकाच घरची पाच माणसे बुडून मेली. शहराच्या हद्दीतली ही गोष्ट आहे. बारवीचे धरण आणि उल्हास नदी ज्या जिल्ह्यात, तेथे बायकांनी धुण्यासाठी खाणीवर का जावे? नळाला पाणी किती दिवस आले नाही याचा हिशोब आपल्याकडे नसतो. आपण 'येतच नाही' एवढेच म्हणतो. तेव्हा आजपासून ज्या वाडीत नळ कोरडा तेथे एका बाईने दिनदर्शिकेवर खूण करावी: आले, नाही आले, किती वेळ आले. महिनाभराच्या खुणा घेऊन पंचवीस घरांच्या सह्यांचा अर्ज प्रभाग कार्यालयात जाऊ द्या. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण वाचून दाखविल्यावाचून अंगठा देऊ नका.

जन्म-मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी. तेवढ्यात केली तर नोंदीला पैसा पडत नाही. पुढे शाळेत घालताना आम्हांस दाखला मागावाच लागतो आणि बापास चकरा पडतात. कचऱ्याविषयी फार सांगत नाही. आधारवाडीचा डोंगर सर्वांनी नाकाने पाहिला आहे. त्यापायी २०१५ साली उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना मनाई केली होती आणि २०२१ साली ती जागा बंद झाली.

अंबरनाथ व बदलापूरकडील जी मंडळी आली आहेत त्यांची नगरपरिषद आहे, महापालिका नाही. कायदा निराळा, १९६५ चा. पण बिल, मुदत आणि शिक्का तेथेही आहेत.

येत्या रविवारपासून संध्याकाळी सहा ते आठ शाळेच्या व्हरांड्यात आम्ही व आमचे दोन सहकारी बसणार आहोत. गेल्या तीन वर्षांची बिले, पावत्या आणि घराची मापे आणावीत. सातवीची मुले अर्ज लिहून देतील, त्यांस पैसा देऊ नये. ज्यांच्या बिलात ती रोजगार हमीची ओळ आहे त्यांनी पहिल्या रविवारीच यावे, कारण हरकतीचे दिवस चालू आहेत. आता कोणास काही विचारावयाचे असेल तर विचारावे. पहिला प्रश्न बायकांकडून येऊ द्या.