बोज्याला वजन पाहिजे
(नागपुरात तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कालपास्नं इथली पोरं माझ्या मागं लागलीत, कवी आहेस तर कविता वाच. मी म्हणलं, कवितेला दहा जण येतील आणि त्यातले चार स्वतःची वही घेऊन येतील. सिनेमावर बोलतो. बघा, खोली भरली. तर २०२५ साली मी जे सिनेमे पाह्यले त्यांची मी माझी एक रांग लावलीय. पहिला कोण, मधला कोण, लाथ मारून बाहेर कोण. डिसेंबर आला की पेपरात अशा याद्या येतात. त्या लिहिणाऱ्यांना पास मिळतो. मी मुंबईच्या गोदीत कंटेनर रिकामे करतो. मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटात माझी अर्धी पाळी जाते. त्यामुळं माझी रांग जरा कडक आहे.

माझं माप काय, ते आधी सांगून टाकतो. पडद्यावर कुणी पोतं उचललं की मी हिरोचं तोंड बघत नाही, मान बघतो. खरं पन्नास किलोचं पोतं पाठीवर आलं की मान पुढं जाते, गुडघा वाकतो, पायाची बोटं जमीन धरतात आणि तोंडातनं शब्द फुटत नाही. सिनेमातला हमाल पोतं घेऊन गाणं म्हणतो. म्हणजे पोत्यात भुसा. १९७५ च्या 'दीवार'मधला विजय गोदीतलाच. त्याचा ७८६ नंबरचा बिल्ला आमच्या टोळीतल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे, गुंडांशी एकटा भिडला तेही पाठ आहे. पण त्यानं बोजा कसा उचलला ते एकालाही सांगता येत नाही. माझं माप हे एवढंच. बोज्याला वजन आहे का? आणि बोजा म्हणजे फक्त पोतं नाही, हे तुमच्यासारख्यांना फोड करून सांगायची गरज नाही.

शेवटचा नंबर आपल्याच बिरादरीला. 'कुली'. १४ ऑगस्टला आला, रजनीकांतचा. विशाखापट्टणमचं बंदर आहे म्हणून आमची अख्खी टोळी गेली होती. पावणेतीन तास बसलो. बंदर म्हणजे तस्करीची जागा, हमाल म्हणजे मारामारीत मागं उभी राहणारी गर्दी. कुणाच्या पाठीवर ओझ्याचा वळ उठलेला मला तरी आठवत नाही. चीड कशाची येते सांगू? ह्या माणसाला वजन माहीत आहे. सिनेमाच्या गाण्यांच्या समारंभात रजनीकांतनं स्वतः सांगितलं होतं, तो हमाली करायचा तेव्हा कॉलेजातल्या ओळखीच्या एकानं त्याच्याकडून सामान वाहून घेतलं, दोन रुपये हातावर ठेवले आणि वर टोमणा मारला. तेव्हा तो रडला. त्या दोन रुपयांत जेवढं वजन आहे तेवढं सगळ्या सिनेमात नाही. भाषणात सिनेमा होता आणि सिनेमात नुसती भाषणं.

'छावा'ला मी नंबरच देणार नाही. तो १४ फेब्रुवारीला आला आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गल्ल्यांपैकी एक त्यानं जमवला. त्याचं काय झालं ते तुम्हाला मुंबईच्या माणसानं सांगायचं? १७ मार्चला महालात काय झालं ते तुम्ही पाह्यलंय. दगड, जाळपोळ, मग संचारबंदी, एक माणूस जिवानिशी गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री फडणवीस विधानसभेत म्हणाले की 'छावा'मुळं औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना भडकल्या. माझी मावशी इंदोऱ्यात राहते. तिला ते चार दिवस विचारा. संभाजीराजांचे हाल बघून माणसं डोळे पुसत बाहेर आली, ते मी समजू शकतो. पण वढू बुद्रुकच्या गोविंद गोपाळ गायकवाडांचं नाव घेत थेटराबाहेर आलेला एक माणूस मला भेटला नाही. राजाच्या देहाला हात लावायला कुणी धजेना तेव्हा हात लावणारा आपला माणूस, असं आपल्या घरोघर सांगतात. त्याच्या नावाच्या फलकावरनं डिसेंबर २०१७ मध्ये भांडण उकरलं गेलं आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आपल्या लोकांवर दगड पडले. तो बोजा उचलणारा खांदा कुणाच्या लक्षात नाही. म्हणून नंबर नाही.

आता 'फुले'. इथं माझं तुमच्याशी वाजणार आहे. माझा मावसभाऊ काल रात्री म्हणाला, "काहून बे, फुले पाचवा? डोकं फिरलं का तुझं?" मी त्याला म्हणलं, सकाळी सभेत सांगतो.

आधी सेन्सॉरचं. हा सिनेमा ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला, यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी ओरड केली, तो २५ एप्रिलला आला. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणणारं वाक्य होतं, त्याचं 'कई साल' करून घेतलं. कई साल! म्हणजे किती? पाच? पंधरा? आपल्या बापजाद्यांच्या गुलामीचा हिशेब ह्यांनी वाण्याच्या उधारीसारखा पुसून टाकला. १८७३ साली जोतिबांनी 'गुलामगिरी' नाव देऊन पुस्तक छापलं, तेव्हा कुणाला विचारायला गेले नव्हते. दीडशे वर्षांनी त्यांच्याच सिनेमात गुलामीचं वय सांगायला परवानगी लागते. ह्या कात्रीचा निषेध करायचा असेल तर माझी सही पहिली.

पण कात्री लागली म्हणून सिनेमा चांगला होत नाही. सिनेमातले जोतिबा भिंतीवरच्या तसबिरीसारखे आहेत. हार घातलेले. बोलतात ते बरोबर बोलतात, पण जोतिबांचा राग कुठाय? त्यांची कुळवाडी बोली, ती शिवराळ मजा, भटजीची टिंगल करताना येणारं हसू कुठाय? प्रतीक गांधी मेहनती नट आहे, त्याचा दोष नाही. सगळा सिनेमाच माफी मागत चालल्यासारखा चालतो. १९५४ साली आचार्य अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला होता, बाबुराव पेंढारकर होते त्यात. सत्तर वर्षांनी आपण कात्रीत सापडलेली एक तसबीर घ्यायची आणि वर टाळ्या वाजवायच्या?

एकच जागा मी सोडणार नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई आजारी पोर पाठीवर घेऊन निघतात. पत्रलेखा तिथं खरोखर वाकलीय. श्वास लागलाय. त्या पोराला वजन आहे. तेवढ्यासाठी पाचवा, नाहीतर सातवा होता.

आपल्यावर सिनेमा निघाला म्हणून उपकार झाले असं समजायचं दिवस गेले. आणि नागपूरकरांनी तर हे मुळीच समजू नये. तुमच्याकडं मोजायला गज आहे. 'कोर्ट'मधला लोकशाहीर नारायण कांबळे कुणी उभा केला? तुमच्या वीरा साथीदारांनी. 'विद्रोही'चं संपादन करणारा, वस्त्यांतनं फिरणारा माणूस. त्यांना अभिनय करावाच लागला नाही, कठड्यात ते नुसते उभे राह्यले तरी खटल्याचा भार दिसत होता. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारात देशातला उत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळालं. १३ एप्रिल २०२१ ला, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनानं वीरा गेले. मग २०२२ ला नागराज मंजुळेचा 'झुंड'. त्यात तुमच्या वस्त्यांतली पोरं होती. अमिताभ बच्चन समोर उभा असताना लोकांनी तुमच्या अंकुश गेडामला बघितलं. विमानतळाच्या तपासणीत त्या पोराच्या खिशातलं पातं निघतं ना, त्याचं वजन मला थेटरात माझ्या खिशात लागलं होतं. असा गज घरात असताना मापात सूट कशाला द्यायची?

चौथा 'धडक २'. पहिल्या 'धडक'नं 'सैराट' घेतला आणि त्यातली जात धुऊन वाळत घातली. दुसऱ्यात शाजिया इक्बाल बाईंनी ती परत आणली, मारी सेल्वराजच्या 'परियेरुम पेरुमाळ'वरनं. सेन्सॉरनं सोळा ठिकाणी हात घातला तरी बरंच उरलं. पण हिरो दलित दाखवायचा म्हणून सिद्धांत चतुर्वेदीच्या तोंडाला काळा रंग फासला, ह्याला काय म्हणायचं? ह्या सभेत किती रंग बसलेत बघा. आरशात बघून जात ठरवता येते असं ह्यांना कुणी सांगितलं? मूळ तमिळ सिनेमा ज्यानं पाह्यलाय त्याला नक्कल कुठं लंगडते ते कळतं.

तिसरा त्याच मारी सेल्वराजचा 'बायसन'. तमिळ, कबड्डीपटूचा. मी मित्राच्या मोबाइलवर, खाली अक्षरं वाचत पाह्यला. लांबलाय. पण पोरगं चढाईला जातं तेव्हा अंगावर माती चिकटते, ती खरी माती. आणि शेवटी जिंकतो. आपला पोरगा जिंकलेला बघायला मला आवडतं, त्यात लाज कसली?

दुसरा 'साबर बोंडं'. मराठी आहे आणि इथल्या अर्ध्या लोकांनी नाव ऐकलं नसेल. रोहन कानवडेचा. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्सला जागतिक विभागात पहिलं बक्षीस मिळालं, १९ सप्टेंबरला इथं लागला आणि बघता बघता उतरला. बाप मेल्यावर दहा दिवसांच्या सुतकाला पोरगा मुंबईहून गावी जातो. तिथं त्याचा लहानपणचा मित्र. दोघं एकमेकांवर प्रेम करतात. पुरुष पुरुषावर. काय झालं रे हसायला? चळवळीतल्या आपल्या पोरांना इथं हसू येतं, म्हणून तर मी तो वरती ठेवलाय. त्यात कुणी मारत नाही, कुणी किंचाळत नाही. नातेवाईक नुसते लग्नाचं विचारतात. पुन्हा विचारतात. प्रत्येक प्रश्न एक एक पाटी डोक्यावर ठेवल्यासारखा. आणि आई! आईला सगळं माहीत आहे आणि ती पोराच्या बाजूनं आहे. अशी आई पडद्यावर मी पहिल्यांदा पाह्यली.

पहिला 'होमबाउंड'. नीरज घेवानचा. आपला माणूस, आणि तो ते लपवत नाही. २६ सप्टेंबरला लागला. देशानं ऑस्करला पाठवला, डिसेंबरात शेवटच्या पंधरांत आला. गोष्ट खरी घडलेली आहे. मे २०२० मध्ये सुरतेहून गावाकडं निघालेले दोन दोस्त, एक दलित, एक मुसलमान. रस्त्याच्या कडेला एकाचं डोकं दुसऱ्याच्या मांडीवर, तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाह्यलाय. बशारत पीर यांनी त्यावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, त्यावरनं सिनेमा.

पण मी रडलो ते मरणाच्या जागी नाही. चंदन पोलीसभरतीचा फॉर्म भरतो आणि जातीच्या रकान्यात जनरल भरतो. तिथं माझं तोंड वाळलं.

सांगतो. दोन वर्षांमागं गेटपासच्या खिडकीवर कारकुनानं नाव विचारलं. मी नुसतं पहिलं नाव सांगितलं. तो म्हणाला, पुढं? मागं रांग होती. मी आडनावाच्या जागी आजोबांच्या गावाला 'कर' लावून सांगितलं. त्यानं मान वर पण केली नाही, लिहून घेतलं. त्याच रात्री एका जागी मी कविता वाचली, छातीवर हात ठेवून, पहिला शब्द जयभीम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खिशात पास होता, त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. ही गोष्ट मी आजवर कवितेत आणली नाही. ह्या सिनेमानं न विचारता ती बाहेर काढली. त्या पोराच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा, शाळेत तिनं शिजवलेलं अन्न नको म्हणणारे लोक, हे सगळं आपण जाणतो. पण फॉर्मच्या एका रकान्यात एवढं वजन असतं हे पडद्यावर कुणी दाखवलं नव्हतं.

भांडण माझं ह्याच्याशीही आहे. आपला पोरगा परत मेला. 'सैराट'मध्ये मेला, इथं मेला. खरी गोष्ट आहे, मान्य. पण मरेपर्यंत कुणी तिकीट काढत नाही आणि कानमध्ये टाळ्या पडेपर्यंत आपल्या मोठ्या पेपरांना आपण दिसत नाही, हे मला सलतं. जान्हवी कपूर आंबेडकरी पोरगी म्हणून बरी वाटते, पण तिच्या साडीची घडी मोडत नाही. तरी पहिला. कारण बाहेर आल्यावर मी तीन स्टेशनं चालत गेलो.

रांगेत एक जागा मी मोकळी सोडलीय. 'संतोष'. संध्या सुरी बाईंचा, दलित मुलीच्या बलात्कार आणि खुनाच्या तपासाचा, पोलिसांच्या आतला. २०२४ साली कानला दाखवला, ब्रिटननं ऑस्करला पाठवला. मार्च २०२५ मध्ये सेन्सॉरनं इथं अडवला. ऑक्टोबरात घरबसल्या बघायला मिळणार असं जाहीर झालं, तेही थांबलं. लंडनच्या माणसानं पाह्यला, पॅरिसच्या माणसानं पाह्यला. आपल्याच पोरीची गोष्ट, आणि आपण पाह्यची नाही. न पाह्यलेल्या सिनेमाला नंबर कसा देऊ? पण त्याला सोडून यादी वाचू पण कशी?

झालं माझं. मागच्या बाकावर मावसभाऊ हात वर करून बसलाय. 'फुले' पाचवा का, ह्यावर ज्याला मला शिव्या घालायच्यात त्यानं आता उठावं. माझी गाडी रात्रीची आहे.