लायब्ररीची पदवी: नाव बदललं, अभ्यास बदलला, मग उरलं काय?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण पुढचा भाग लावतील. लायब्ररी सायन्स. पण दोन मिनिटं थांबा, कारण हा विषय तुमच्या फोनमधल्या सर्चच्या डब्याचा आहे.

समजा, तुम्हाला 'वाऱ्यावरची वरात' शोधायचंय. यातला 'ऱ्या' कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेला 'ऱ' वापरून. दुसरा म्हणजे साधा 'र', त्याला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण मशीनसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. पुस्तकाची नोंद एका पद्धतीने झाली, तुमचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीने टाइप करतो आणि सॉफ्टवेअरने दोन्ही रूपं जुळवून घेतलेली नाहीत, तर उत्तर येणार 'काहीही सापडलं नाही'. पुस्तक तिथेच आहे, बरं का!

आता लेखकाचं नाव घ्या. पु. ल. देशपांडे, पु.ल., पुलं, पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. माणूस एकच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच. गोविंदाग्रज, बाळकराम आणि राम गणेश गडकरी, तेही एकच. हे आपल्याला माहीत आहे, मशीनला कुणीतरी सांगावं लागतं. आम्ही इंजिनिअर लोक याला 'एंटिटी रेझोल्यूशन' म्हणतो आणि फार मोठं काम केल्यासारखं प्रेझेंटेशन देतो. लायब्ररीवाले हेच काम शंभराहून जास्त वर्षं करतायत. त्यांच्याकडे त्याला 'ऑथॉरिटी कंट्रोल' म्हणतात आणि ते पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवलं जातं.

म्हणजे निदान आजवर तरी शिकवलं जायचं. गोष्ट इथेच सुरू होते.

थोडा इतिहास. 1887 मध्ये मेल्विल ड्युईने न्यू यॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी शाळा सुरू केली. दशांश वर्गीकरणवाला तोच ड्युई. आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं, आणि पुढे बडोद्यात ग्रंथालयाच्या कामाचं प्रशिक्षण सुरू झालं. मग आले एस. आर. रंगनाथन. मूळचे गणिताचे शिक्षक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली आणि 1933 मध्ये 'कोलन क्लासिफिकेशन' आणलं.

हे कोलन क्लासिफिकेशन तुम्ही रोज वापरता. शॉपिंग ॲपमध्ये रंग, साइज, ब्रँड, किंमत असे फिल्टर लावता ना? एका वस्तूला एकाच खणात न कोंबता तिचे वेगवेगळे पैलू मांडायचे आणि त्यांच्या जोडणीतून तिची जागा ठरवायची, ही कल्पना रंगनाथन यांनी पुस्तकांसाठी पद्धतशीर बांधली.

आता अलीकडे या. 1974 मध्ये अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाने आपल्या स्कूलच्या नावातून 'लायब्ररी' शब्द काढून 'इन्फर्मेशन' ठेवला. 1992 मध्ये कोलंबियातली ती ड्युईची परंपरा असलेली शाळाच बंद पडली. 1996 मध्ये मिशिगन विद्यापीठानेही नाव बदलून 'स्कूल ऑफ इन्फर्मेशन' केलं. 2005 च्या सुमारास अशा स्कूल्सचा 'आयस्कूल्स' नावाचा गटच तयार झाला. तिथे डेटा सायन्स आहे, यूएक्स आहे, प्रायव्हसी आहे. बऱ्याच ठिकाणी कॅटलॉगिंग मात्र सक्तीचं न राहता ऐच्छिक झालं.

भारतात काय झालं? बी.लिब. आणि एम.लिब. ही जुनी जोडी. कुठल्याही शाखेची पदवी घ्या, मग एक वर्ष बी.लिब., मग एक वर्ष एम.लिब. नावात 'माहितीशास्त्र' आलं, काही विद्यापीठांत दोन्ही मिळून दोन वर्षांचा एकत्रित कोर्स आला. बंगळूरला रंगनाथन यांनीच 1962 मध्ये उभं केलेलं डीआरटीसी आहे, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा भाग. तिथे आता दोन वर्षांची एम.एस. पदवी मिळते. अभ्यासक्रमात कोहा आलं, डीस्पेस आलं. कोहा म्हणजे न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं लायब्ररीचं सॉफ्टवेअर. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट, आणि खरंच ते फुकट आणि ओपन सोर्स आहे. डीस्पेस हे डिजिटल संग्रहासाठी, एमआयटी आणि एचपीने मिळून 2002 मध्ये आणलेलं.

छान वाटतं ना? पण माझी मावसबहीण सध्या याच वळणावर उभी आहे. बी.ए. झालंय, पुस्तकांची आवड आहे. घरचे म्हणतात, लायब्ररीत आता कोण जातं? त्यापेक्षा सहा महिन्यांचा डेटाचा कोर्स कर. तिने मला विचारलं, "दादा, तू यातला आहेस, तूच सांग."

मी तिला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

टूल शिकायला पदवी लागत नाही. कोहा इन्स्टॉल करणं, पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिणं हे यूट्यूबवर बघून जमतं, आणि पाच वर्षांनी टूल बदलतं. ज्या कोर्समध्ये फक्त टूल आहेत, तो कोर्स लवकर जुना होतो. उलट ज्या कोर्समध्ये अजूनही कागदावर कार्ड लिहायला लावतात आणि कॉम्प्युटर नावापुरता आहे, तिथून बाहेर पडलेल्याला सिस्टिम बनवणाऱ्यांच्या टेबलावर जागा मिळत नाही. दोन्हीकडे नुकसान.

पदवीतून मिळायला हवी ती एक सवय. ही वस्तू नेमकी काय आहे, ती कोण शोधेल, कुठल्या शब्दांनी शोधेल, आणि पन्नास वर्षांनी अनोळखी माणसाला ती कशी सापडेल, हे विचारायची सवय. बी.टेक.च्या चार वर्षांत मला हे कुणी शिकवलं नाही. आम्ही डेटा साठवायला शिकलो, पटकन शोधायला शिकलो. त्याचं नाव काय ठेवायचं, हे 'कुणीतरी ठरवेल' म्हणून सोडून दिलं.

आणि मराठीसाठी तो 'कुणीतरी' फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालयं दहा हजारांहून जास्त आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत. कित्येकांच्या कपाटांत जुने दिवाळी अंक, गावचे स्मृतिग्रंथ, बंद पडलेली मासिकं आहेत. स्कॅन करणं सोपं आहे, हल्ली फोननेही होतं. पण फाइलचं नाव 'स्कॅन 0047' राहिलं, तर ते स्कॅन होऊनही हरवलेलंच. लेखक कोण, साल कोणतं, टोपणनाव कुणाचं, ही नोंद करायला मराठी कळणारा आणि मेटाडेटा कळणारा एकच माणूस लागतो.

एआय आलंय, ते करेल की, असं तुम्ही म्हणाल. मदत नक्की करेल. पण हीच एआय कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचं नाव ठामपणे सांगते, आणि लोक ते शोधत ग्रंथपालाकडे जातात. मशीन ज्या नोंदींवर शिकतं, त्यात मराठीच्या नोंदी विस्कळीत असतील, तर उत्तरंही तशीच येणार.

म्हणून तुमच्यापैकी कुणी प्रवेशाचा विचार करत असेल, तर विभागात जाऊन तीन प्रश्न विचारा. कॅटलॉगिंग आणि वर्गीकरण अजून नीट शिकवता का? प्रात्यक्षिक खऱ्या सिस्टिमवर होतं का? आणि मराठी साहित्यावर काम करायला मिळतं का? तिन्हींना 'हो' आलं, तर बिनधास्त घ्या प्रवेश. दोनच मिळाले, तर तिसरं स्वतः शिकायची तयारी ठेवा.

आणि इंजिनिअर मित्रांनो, पुढच्या वेळी सर्च बनवताना टीममध्ये एक लायब्ररीवाला घ्या. काम खरंच कमी होईल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावच्या वाचनालयात काय पडून आहे, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात!