मैनेची बाजू

(म्हसवड येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. पाणी, रेशन, कोर्टकचेरी सोडून ही बाई गाण्यांवर काय बोलणार? पण गेला महिनाभर मी एकच संच ऐकते आहे. आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याने लाल बावटा कलापथकाची गाणी मिळतील तिथून जमवून एकत्र उतरवून दिली आहेत. बरीचशी मागाहून इतरांनी म्हटलेली आहेत, आवाज खरखरतो, तरी अंगावर काटा येतो.

हे पथक 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी उभं केलं. अण्णाभाऊ आपल्या शेजारचेच, वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. अमर शेख बार्शीचे. गिरणगावच्या संपांत, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत यांचा डफ वाजला. दोघंही 1969 साली गेले.

कॉलेजात असताना मोर्च्यात आम्ही ही गाणी घसा फोडून म्हणायचो. अर्थाकडे फारसं लक्ष नसायचं. आता 'माझी मैना' ही अण्णाभाऊंची छक्कड निवांत ऐकली. पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी तळमळतो, आणि पुढे ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव, कारवार, निपाणीचा मुलूख होते. रचना जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण मैना कशी दिसते ते तो सांगतो. ती काय खाते, वाण्याची उधारी कोण फेडतं, हे त्यात येत नाही.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत ती लावली. माण तालुक्यातले गडी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आलेत, त्यामुळे मैना काय ते इथे समजावून सांगावं लागत नाही. गाणं संपलं तशा सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी म्हणाल्या, "रडतोय झ्याक. पर मनीआर्डर कवा धाडली त्ये न्हाय सांगितलं."

सगळ्या हसल्या. मग मावशी बोलू लागल्या. 1972 च्या दुष्काळात नवरा मुंबईला गेला. ह्या पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. सात वर्षांत दोन पत्रं आली, तीही दुसऱ्याकडून वाचून घेतलेली. नंतर कोणी हसलं नाही.

अण्णाभाऊंना बायका दिसल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. 'वैजयंता', 'चित्रा' या कादंबऱ्यांची नावंच पाहा. अमर शेखांची मुलगी मलिका हिने 1984 साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहून चळवळीतल्या घराची आतली बाजू मांडली. आणि जात्यावर तर बायका कधीपासून बोलतच होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा लाखभर ओव्या जमवल्या. त्यात बाईचं नाव आणि गावही टिपलेलं आहे. आपल्या गाण्यांच्या वह्यांत मात्र 'पारंपरिक' एवढंच लिहिलेलं असतं. ते आपण या वर्षी बदलायचं ठरवलं आहे.

मावशींनी मैनेच्या तोंडची दोन कडवी रचली आहेत. त्या मागे खांबाशी बसल्या आहेत. मावशी, पुढे या. आणि हलगी कुणी आणली आहे?